एका बिंदूतून एकच लंब

प्रश्न एका ओळीत मावतो. २क्ष − ५य + १० = ० ही रेषा आणि तिच्याबाहेरचा (७, −१) हा बिंदू दिला आहे; त्या बिंदूतून जाणाऱ्या आणि त्या रेषेला लंब असणाऱ्या रेषेचे समीकरण काढा. उत्तर आहे ५क्ष + २य = ३३. बरी तयारी असलेला अकरावीचा विद्यार्थी ते पाहता पाहता काढतो, चौकटीत लिहितो आणि पुढच्या प्रश्नाला हात घालतो. हे पुस्तक त्या चौकटीपाशी थोडे थांबू पाहणाऱ्यांसाठी आहे. रेषा, बिंदू आणि लंब एवढ्या तीन गोष्टींवर अख्खे पुस्तक कशाला, असे कोणीही विचारील. इतक्या थोड्या सामग्रीत इतके काही दाखवणारा दुसरा प्रश्न शाळेच्या भूमितीत मला सापडलेला नाही, हे माझे उत्तर.

आधी रूढ रीत पाहू. दिलेल्या रेषेचा चढ काढायचा. तो येतो २/५. दोन लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ असतो, म्हणून हव्या त्या रेषेचा चढ −५/२. मग बिंदू आणि चढ यांवरून समीकरण लिहायचे: य + १ = −५/२ (क्ष − ७). छेद काढला, पदे इकडची तिकडे केली की झाले. यात चूक काहीच नाही. पण फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाला "हे −१ कुठून आले रे?" असे विचारून पाहा. हुशार मुलेही "सूत्र आहे" म्हणून मोकळी होतात. नुसते सूत्र म्हणून पाठ केलेली गोष्ट ऐन वेळी दगा देते. क्ष = ५ अशी उभी रेषा समोर आली की तिचा चढच सांगता येत नाही; मग कशाला कशाने गुणून −१ आणायचे? तिथे पेन अडतो. खरे तर दोन रेघोट्या मारल्या असत्या तरी दिसले असते की उभ्या रेषेला लंब म्हणजे आडवी रेषा, आणि (७, −१) मधून जाणारी आडवी रेषा एकच आहे, य = −१.

माझे म्हणणे एवढेच, आणि पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणे त्याच म्हणण्यावर उभी आहेत: लंब आधी फिरवून दाखवावा, चढ नंतर आणावा आणि −१ सगळ्यांत शेवटी यावा.

चौकटीचा कागद घ्या. दोन रेघा छेदतात अशा एका कोपऱ्यावरून निघा, पाच घरे उजवीकडे जा, दोन घरे वर चढा. निघालेला आणि पोचलेला असे दोन्ही बिंदू पट्टीने जोडा. आपल्या रेषेची दिशा हीच. आता निघालेल्या कोपऱ्यावर पेन्सिलीचे टोक दाबून धरा आणि सगळा कागद घड्याळाच्या उलट दिशेने एक काटकोन फिरवा. जी पाच घरे उजवीकडे होती ती वर गेली, जी दोन घरे वर होती ती डावीकडे गेली. नवी दिशा झाली दोन घरे डावीकडे आणि पाच घरे वर. काटकोनात फिरवणे म्हणजे दोन आकड्यांची अदलाबदल आणि त्यांतल्या एकाच्या चिन्हात बदल, याहून जास्त काही नाही. (५, २) चे (−२, ५) झाले. पहिल्याचा चढ २/५, दुसऱ्याचा ५/−२. गुणाकार केला की अंश-छेद कटतात आणि मागे −१ उरतो. 'वर'चे 'डावीकडे' झाले, त्याची ती खूण. हे एकदा स्वतःच्या हाताने केलेल्या मुलाला सूत्र विसरण्याची भीती राहत नाही, कारण विसरले तरी कागद फिरवायला किती वेळ लागतो?

आता समीकरणाकडे पाहा. २क्ष − ५य + १० = ० मध्ये सहगुणक २ आणि −५ आहेत. त्यांची अदलाबदल करा, एकाचे चिन्ह फिरवा: ५क्ष + २य. उजवीकडे काय लिहायचे ते बिंदू सांगतो. क्ष च्या जागी ७ आणि य च्या जागी −१ घातले की ३५ − २, म्हणजे ३३. संपले. चढ काढावा लागला नाही, अपूर्णांक आला नाही. आणि क्ष = ५ ही उभी रेषा आली तरी सहगुणक १ आणि ० आहेत; अदलाबदल केली की ० आणि १, म्हणजे य = −१. जिथे चढाची रीत अडते तिथे ही रीत अडखळतही नाही.

याच सहगुणकांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मला फार प्रिय आहे. आपली रेषा (५, २) या दिशेने जाते, तर तिचे सहगुणक (२, −५) आहेत. म्हणजे ही जोडी त्या रेषेच्या लंबाची दिशा आहे! रेषेचे समीकरण आपल्या लंबाची दिशा पोटात घेऊनच येते. आपल्या (७, −१) या बिंदूपासून दोन घरे डावीकडे आणि पाच घरे वर गेलो की (५, ४) येथे पोचतो. हा बिंदू रेषेवर आहे का? १० − २० + १० = ०. आहे. लंबाचा पाय नेमका तिथे पडला, आणि बिंदूपासून रेषेपर्यंतचे अंतर आले √(४ + २५), म्हणजे √२९. अंतराच्या सूत्रात बिंदू घालायचा, केवलमूल्य घ्यायचे आणि सहगुणकांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागायचे, हे अकरावीत पाठ करावे लागते. तिथे २९/√२९ येते, म्हणजे तेच. त्या सूत्रातल्या छेदात वर्गमूळ का बसले आहे, हे लंबाची दिशा पाहिल्याशिवाय कळत नाही. एरवी पाय असा पूर्णांकावर पडतोच असे नाही, मी बिंदू तसा निवडला आहे. पण दिशा कधीही बदलत नाही.

लंबाचा हा प्रश्न दोन अटींनी बांधलेला आहे. एका बिंदूतून अगणित रेषा जातात. तेवढ्याने रेषा ठरत नाही. एका रेषेला लंब अशाही अगणित रेषा असतात, सगळ्या एकमेकींना समांतर. कंपासपेटीतला गुण्या पट्टीला टेकवून सरकवत नेला की त्याची उभी कड या सगळ्या लंबांवरून एकामागून एक जाते, आणि कड आपल्या बिंदूला लागली की आपण हात थांबवतो. ५क्ष + २य = ० पासून ५क्ष + २य = ३३ पर्यंत उजवीकडचा आकडा बदलत नेणे म्हणजे हेच सरकवणे. डावी बाजू रेषेने ठरवली, उजवी बाजू बिंदूने. ज्या मुलांनी सहावी-सातवीत गुण्या सरकवला आहे त्यांच्या हाताला हे समीकरण आधीपासून ठाऊक असते. फक्त त्यांना कोणी तसे सांगितलेले नसते.

'एकच लंब' ही मात्र सपाट कागदाची देणगी आहे. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तावर लंब टाकायचा म्हटले तर प्रत्येक रेखावृत्त त्या कामाला येते. सगळी विषुववृत्ताला काटकोनातच छेदतात. त्रिमितीतही रेषेवरच्या बिंदूतून तिला अगणित लंब निघतात, त्यांचे मिळून एक अख्खे प्रतल होते. पुस्तकात या दोन्ही गोष्टी ओझरत्या आल्या आहेत, पण त्या मनात असल्या की प्रतलातल्या त्या एकट्या लंबाचे मोल कळते.

आता थोडे मागे जाऊ. समीकरणे येण्याच्या कितीतरी आधी माणसाला लंब हवा होता, आणि तो दोरीने मिळत होता. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात वेदीसाठी दिशा काढण्याची रीत आहे. सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे सरळ खुंटी, रोवायची. शंकूच्या उंचीएवढी दोरी घेऊन त्याभोवती वर्तुळ काढायचे. सकाळी शंकूची सावली आखडत आखडत वर्तुळाच्या आत येते, दुपारनंतर लांबत लांबत बाहेर पडते. सावलीचे टोक वर्तुळाला जिथे जिथे टेकले तिथे दोन खुंट्या मारायच्या. त्या जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. मग दोरीची दोन टोके या दोन खुंट्यांना अडकवून, मधोमध धरून दोरी एकदा दक्षिणेला ताणायची, एकदा उत्तरेला. जिथे मध्य येतो तिथे खूण करायची. दोन्ही खुणा जोडल्या की उत्तर-दक्षिण रेषा मिळाली, पहिलीला काटकोनात. कोन मोजण्याचे कुठलेही साधन यात नाही. दोरीचा मध्य दोन्ही खुंट्यांपासून सारख्याच अंतरावर असतो, एवढ्याच आधारावर काटकोन तयार झाला.

युक्लिडच्या 'मूलतत्त्वे' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातले बारावे विधान आपलाच प्रश्न विचारते: रेषेबाहेरच्या बिंदूतून रेषेवर लंब कसा काढावा? त्याची रीतही सावलीच्या वर्तुळाची सख्खी बहीण आहे. बिंदूला केंद्र धरून रेषेला दोन ठिकाणी छेदील असे वर्तुळ काढायचे, त्या दोन छेदनबिंदूंचा मध्य घ्यायचा, तो आपल्या बिंदूशी जोडायचा. प्रोक्लस या भाष्यकाराने नोंदवले आहे की हा प्रश्न प्रथम कीऑसच्या इनोपिडीसने हाताळला आणि तोही खगोलशास्त्राच्या गरजेपोटी. सूर्य, सावली आणि काटकोन यांची ही सोबत दोन्हीकडे आहे, हे मला योगायोग वाटत नाही: सरळ उभी खुंटी हे आकाश मोजण्याचे पहिले साधन आहे. आपले समीकरण घेऊन हे वर्तुळ तपासून पाहता येते, आणि चौथ्या प्रकरणात तसे केले आहे. वर्तुळ रेषेला दोन ठिकाणी छेदते तोवर त्रिज्या कितीही घ्या, रेषेवरचे दोन छेदनबिंदू बदलतात, पण त्यांचा मध्य (५, ४) वरून हलत नाही.

सर्वांत जास्त पाने मी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'ला दिली आहेत, आणि ती अभिमानापोटी नाहीत. ११५० सालच्या या ग्रंथात क्षेत्रव्यवहारात एक त्रिकोण आहे: भूमी १४, दोन भुजा १३ आणि १५. वरच्या शिरोबिंदूतून भूमीवर लंब सोडला की भूमीचे दोन तुकडे पडतात. त्यांना आबाधा म्हणतात. त्या काढायची रीत अशी. भुजांची बेरीज २८, वजाबाकी २, दोहोंचा गुणाकार ५६. भूमीने, म्हणजे १४ ने, भागले की ४. हा दोन आबाधांमधला फरक. चौदातून चार वजा करून निम्मे केले की ५, मिळवून निम्मे केले की ९. लंब म्हणजे १६९ मधून २५ गेले त्याचे वर्गमूळ, १२. क्षेत्रफळ ८४. हे सगळे तोंडी होण्यासारखे आहे.

हाच त्रिकोण चौकटीच्या कागदावर ठेवा. भूमीचे डावे टोक (०, ०), उजवे (१४, ०), आणि वरचा शिरोबिंदू (५, १२). आबाधा आणि लंब यांची जोडी म्हणजे त्या शिरोबिंदूचे निर्देशकच झाले! यावरून भास्कराचार्यांना निर्देशक भूमिती ठाऊक होती असे कोणी म्हणू नये. रेषा समीकरणाने लिहिण्याची कल्पना तिथे नाही, आणि जे नाही ते चिकटवल्याने ग्रंथाची थोरवी वाढत नाही. पण बिंदूची जागा दोन आकड्यांनी सांगायची तर त्यातला एक आकडा लंबाचा पाय कुठे पडला तो असतो आणि दुसरा लंबाची लांबी असतो, ही गोष्ट या त्रिकोणाइतकी स्वच्छ मला कुठे दिसली नाही.

त्याच ग्रंथातला दुसरा त्रिकोण याहून नवलाचा आहे. भुजा १० आणि १७, भूमी ९. रीत तीच लावा. बेरीज २७, वजाबाकी ७, गुणाकार १८९, नवाने भागले की २१. आता आबाधांमधला फरक २१ आला, आणि भूमी तर अवघी ९! नवातून एकवीस गेले की −१२, निम्मे −६. दुसरी आबाधा १५. भास्कराचार्य इथे अडत नाहीत आणि उदाहरण चुकले असेही म्हणत नाहीत. ही आबाधा ऋण आहे, म्हणजे ती उलट दिशेला घ्यायची, असा त्याचा अर्थ ते लावतात. शंभरातून छत्तीस गेले, लंब ८, क्षेत्रफळ ३६. चित्र काढले की कळते: शिरोबिंदू इतका डावीकडे झुकला आहे की त्याचा लंब भूमीवर पडतच नाही, भूमी डावीकडे वाढवली की सहा घरांवर पडतो. आजच्या भाषेत शिरोबिंदू (−६, ८). ऋण संख्येला दिशेचा अर्थ देणारी ही ओळ साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. उणे म्हणजे 'डावीकडे', हे सांगताना आजही वर्गात मी हाच त्रिकोण फळ्यावर काढतो.

लंबाच्या पायाचे आणि लांबीचे हे दोन आकडे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या घरातही आहेत, बहुधा कपाटातल्या जुन्या कागदांत. जमिनीची जुनी मोजणी शंकू-साखळीने होत असे. शेतातून एक सरळ रेषा धरून साखळी अंथरायची. बांध जिथे जिथे वळतो तिथल्या खुणेपासून साखळीवर काटकोनात अंतर मोजायचे. साखळीवर कितव्या जागी लंब पडला आणि तो किती लांब भरला, हे दोन आकडे टिपणात लिहायचे. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशी जागा म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. टिपणावरचे चित्र मापात काढलेले नसते, बांध हाताने ओढलेले असतात. त्या कागदाची सगळी मातबरी आकड्यांत आहे. त्या आकड्यांवरून शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडून क्षेत्रफळ निघते, आणि बांध सरकला असेल तर जागा पुन्हा उभी करता येते. आज रोव्हर आणि उपग्रहांच्या आधारे मोजणी होते, पण दोन शेजाऱ्यांचा वाद निघाला की जुने टिपण अजूनही शोधले जाते.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती पुस्तकात सविस्तर मांडली आहे. मोजणी करणाऱ्याचा काटकोन थोडा चुकला तर काय बिघडते? समजा खूण साखळीपासून ५० फुटांवर आहे आणि काटकोनात दोन अंशांची चूक झाली. लंबाची लांबी त्यामुळे अर्ध्या इंचाहूनही कमी वाढते. पण साखळीवरची जागा सुमारे पावणेदोन फूट सरकते! लांबीची चूक जवळजवळ दिसत नाही, जागेची चूक डोळ्यांत भरते. कारण लंब हे बिंदूपासून रेषेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर आहे, आणि सर्वांत कमीच्या आसपास अंतर फार हळू बदलते. पुढे कलनशास्त्रात लघुतम मूल्यापाशी विकलज शून्य असतो असे शिकवतात. तेच इथे बांधावर उभे राहून दिसते. म्हणूनच अनुभवी मोजणीदार लंब आखूड ठेवायचा आग्रह धरतो. पन्नासच्या ऐवजी दहा फुटांचा लंब असेल तर तीच दोन अंशांची चूक जागेला जेमतेम चार इंच हलवते.

युरोपात बीजगणित आणि भूमिती यांची गाठ सतराव्या शतकात पडली. देकार्त यांचा 'ला जिओमेत्री' १६३७ मध्ये प्रसिद्ध झाला. फर्मा यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे तीच वाट धरली होती, पण त्यांचे लेखन त्यांच्या हयातीनंतर, १६७९ मध्ये छापले गेले. वक्राला त्याच्यावरच्या एखाद्या बिंदूपाशी लंब कसा काढावा, हा प्रश्न देकार्त यांना भूमितीतल्या आपल्याला ठाऊक असलेल्या प्रश्नांपैकी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत व्यापक वाटत होता, असे ते स्वतः लिहून गेले आहेत. मात्र त्यांच्या पुस्तकात आज शाळेत असतो तसा सरळ रेषेचा धडा नाही, आणि दोन अक्ष काटकोनातच असावेत असा आग्रहही नाही. बिंदू, चढ आणि लंबाची अट यांची आजची मांडणी अठराव्या शतकाच्या अखेरीस मोंझ आणि लाक्रवा यांच्या लेखनातून घडली. म्हणजे आपण जे पाच मिनिटांत शिकवतो ते पक्के व्हायला देकार्तनंतर दीडशे वर्षे लागली. एखादे मूल या धड्यावर घुटमळले तर शिक्षकाने हे आठवावे.

अक्षांचा उल्लेख आला म्हणून एक सावधगिरीची गोष्ट. ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगतात, पण मला ती या विषयाचा गाभा वाटते. य = २क्ष आणि य = −क्ष/२ या रेषा लंब आहेत; चढांचा गुणाकार −१. आता आलेख काढताना आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर = १ एकक आणि उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर = २ एकक असे प्रमाण घ्या. कागदावर पहिल्या रेषेचा चढ १ झाला, दुसरीचा −१/४. कोनमापक लावून पाहा: दोहोंमधला कोन सुमारे ५९ अंश भरतो. गणित सांगते काटकोन, डोळ्यांना दिसतो तिरका कोन. समांतर रेषांचे असे होत नाही. प्रमाण कसेही बदला, समांतर त्या समांतरच राहतात. काटकोनाला मात्र दोन्ही दिशांची मापे सारखी लागतात. पायथागोरसच्या प्रमेयात दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज होते, आणि बेरीज एकाच मापाच्या गोष्टींची करता येते. विज्ञानाच्या वहीत आडवा अक्ष तासांचा आणि उभा किलोमीटरांचा असतो. त्या आलेखात दोन रेषांना 'लंब' म्हणण्यात काही अर्थ नाही, कारण तासाचा वर्ग आणि किलोमीटरचा वर्ग यांची बेरीज होत नाही. चढांचा गुणाकार −१ हे सूत्र वापरण्याआधी विद्यार्थ्याने अक्षांवरची प्रमाणे पाहावीत, अशी सवय लागावी म्हणून या विषयावरच्या प्रकरणातल्या निम्म्या उदाहरणांत मी प्रमाणे मुद्दाम वेगळी ठेवली आहेत.

गवंडी मात्र हे न शिकता जाणतो. पायाच्या आखणीत तो कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फुटांवर आणि दुसऱ्या बाजूला चार फुटांवर खूण करतो, आणि टेपने दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट भरले की म्हणतो, कोपरा गुण्यात आला. एकाच टेपने तिन्ही मापे घेतली जातात, हे त्यातले मर्म. चढांच्या अटीची जी दुसरी सिद्धता पुस्तकात दिली आहे ती याच आखणीची: एक चढ म, दुसरा न, एक एकक उजवीकडे जाऊन दोन्ही रेषांवरचे बिंदू घ्यायचे, पायथागोरसचे प्रमेय मांडायचे, आणि दोन ओळींत म गुणिले न बरोबर −१ हाती येते.

उपयोगाच्या बाजूने शेवटची दोन प्रकरणे आहेत. फोनवरचा नकाशा आपली जागा रस्त्यावर आणून बसवतो. उपग्रहांकडून आलेला बिंदू प्रत्यक्षात रस्त्यापासून काही मीटर बाजूला पडलेला असतो. तो रस्त्यावर आणायची सर्वांत साधी रीत म्हणजे त्या बिंदूतून रस्त्याच्या रेषेवर लंब टाकणे आणि लंबाचा पाय घेणे. पण रस्ता म्हणजे अनंत रेषा नव्हे, लहान लहान रेषाखंड जोडून तो बनलेला असतो. पाय खंडाच्या बाहेर पडला तर? लीलावतीतल्या त्या −६ ची हीच अडचण, फक्त वेगळ्या वेषात. तिथे खंडाचे जवळचे टोक घ्यावे लागते, आणि संगणकाला हे सांगण्यासाठी आबाधेचे चिन्ह पाहावे लागते. दुसरे प्रकरण लघुतम वर्गांच्या रीतीचे आहे. लजांद्र यांनी ती १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. निरीक्षणांचे आकडे एका रेषेवर नीट बसत नसतील तर सर्वांत जवळची रेषा कोणती, याचे उत्तरही लंब टाकूनच मिळते, फक्त तो लंब दोन मितींच्या कागदावर न पडता अनेक मितींच्या अवकाशात पडतो. सांख्यिकीकडे जाणाऱ्यांनी ते प्रकरण वगळू नये. इतरांनी पहिल्या वाचनात वगळले तरी चालेल.

पुस्तक वाचायला दहावीपर्यंतचे गणित पुरे आहे. चौकटीची वही, पट्टी आणि गुण्या जवळ असावा, कारण बरीचशी उदाहरणे आधी काढायची आणि मग सोडवायची आहेत. शिक्षकांना विनंती अशी की पहिली तीन प्रकरणे गाळून थेट सूत्रावर येऊ नये. चढाची व्याख्या सांगण्याआधी वर्गाने दहा-बारा वेळा तरी कागद फिरवून (३, १) चे (−१, ३), (४, −३) चे (३, ४) केलेले असावे.

शिरोलंबांच्या प्रकरणात लीलावतीतले दोन्ही त्रिकोण पुन्हा येतात. पहिल्याचे शिरोबिंदू (०, ०), (१४, ०) आणि (५, १२). वरून पडणारा शिरोलंब क्ष = ५. (०, ०) मधून समोरच्या बाजूवर जाणारा ३क्ष − ४य = ०, आणि (१४, ०) मधून जाणारा ५क्ष + १२य = ७०. क्ष = ५ घातले की दोन्हीकडे य = १५/४ येतो. तिन्ही शिरोलंब एका बिंदूत मिळतात हे आठवीत चित्रावरून मान्य केलेले असते, इथे ते आकड्यांनी हाती लागते. दुसऱ्या त्रिकोणाचे शिरोबिंदू (०, ०), (९, ०) आणि (−६, ८). त्याचे तीन शिरोलंब क्ष = −६, ३क्ष − ४य = २७ आणि १५क्ष = ८य. तेही एकसंपाती आहेत, पण त्यांचा संपात (−६, −४५/४) येथे, त्रिकोणाच्या बाहेर आणि भूमीच्याही खाली आहे. हे चित्र काढताना वहीच्या पानावर आडव्या अक्षाखाली बारा घरे मोकळी सोडा.